वरचं टेबल



आज पत्त्यांविषयी बोलायचं आहे. दचकू नका. गणपतीत जागरणाला आपल्याकडे पत्त्यांचा डाव पडतोच. मुंबईहून आलेले चाकरमानी आणि गावातले भाऊ-दीर ओटीवर बसतात, आणि मध्यरात्री त्यांना चहा करून द्यायचं काम आपल्याकडे असतं. विसर्जन झालं की पत्ते पुन्हा फळीवर. त्या डावाबद्दल आम्हाला काही म्हणायचं नाही. बारा महिने खिशात चालणाऱ्या डावाबद्दल म्हणायचं आहे.

आमच्या एका गटातल्या काकींनी सांगितलं, ‘माझं नाव घेऊ नका, पण सांगा.’ म्हणून सांगतो. गेल्या वर्षी, २०२५ च्या मे महिन्यात, काकींनी गटाकडून २०,००० रुपये कर्ज घेतलं. कारण लिहिलं, घरावर पत्रे घालणे. पावसाआधी घर शाकारायचं, यात विचारण्यासारखं काय? आम्ही ठराव केला, सह्या-अंगठे झाले, पैसे काकींच्या खात्यात गेले. जुलैत आवणाच्या दिवसांत आमच्यातल्या दोघी त्यांच्या घरावरून जात होत्या. छपरावर तेच जुनं निळं मेणकापड, वर दगड ठेवलेले.

पत्रे आलेच नव्हते. काकींचा फोन मुलगा हाताळतो. पिन त्यालाच माहीत. २०,००० त्यातून गेले होते पोकरवर.

पोकर म्हणजे तीन पत्तीचा लांबचा भाऊ समजा. तीन पत्तीत तीन पानं हातात येतात. पोकरचा जो प्रकार फोनवर जास्त चालायचा, त्यात दोन पानं हातात आणि पाच पानं मध्ये, सगळ्यांसाठी उघडी. पानं थोडी थोडी उघडत जातात आणि दरवेळी चाल खेळायची. पान चांगलं नसलं तरी मोठी चाल करून समोरच्याला घाबरवता येतं. मुलगा आम्हाला सांगत होता, ‘ताई, हा जुगार नाही, डोक्याचा खेळ आहे.’ आम्ही त्याला खोटं पाडत नाही. नुसत्या नशिबाचा तो खेळ नाहीच. पण म्हणूनच तो जास्त घातक कसा, ते पुढे सांगतो.

मुलगा महाडच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला. आधी फुकटच्या खेळात रमला. मग रुपया-दोन रुपयांच्या टेबलावर बसला. तिथे बसायला पूर्ण पैसे म्हणजे २००. दोन-तीन महिन्यांत थोडेथोडे करून साठले ११,०००. त्यात पगारातले किती आणि जिंकलेले किती, हे त्याला आजही नीट सांगता येत नाही. वही नव्हती ना! पण त्याला वाटलं, आपल्याला जमतंय. मग खालच्या टेबलावर कशाला वेळ घालवायचा? तो पाच-दहाच्या टेबलावर गेला. तिथे एकदा बसायला १,००० रुपये. पंधरा दिवसांत ११,००० गेले.

इथे कुणीही म्हणेल, आता थांबेल किंवा निदान परत दोन रुपयांच्या टेबलावर येईल. तो गेला पंचवीस-पन्नासच्या टेबलावर. एकदा बसायला ५,०००. कारण लहान टेबलावर गेलेले पैसे कधी भरून निघणार? आणि त्यासाठी लागले आईचे पत्रे.

आम्ही त्याच्याकडून हे सगळं वहीवर मांडून घेतलं. वहीवर मांडणं एवढंच आम्हाला येतं. आणि मांडताना त्यानेच एक गोष्ट सांगितली. मुरलेले खेळाडू एक नियम पाळतात म्हणे. एका वेळी जेवढ्या पैशांनी टेबलावर बसायचं, त्याच्या निदान तीसपट रक्कम बाजूला हवी, आणि ती घरखर्चाची नको. कारण चांगला खेळणाराही ओळीने दहा-दहा वेळा हरतो. मग हिशेब करा. २०० च्या टेबलाला ६,००० हवेत. १,००० च्या टेबलाला ३०,०००. ५,००० च्या टेबलाला दीड लाख. हा ११,००० घेऊन ३०,००० च्या पायरीवर चढला, आणि २०,००० घेऊन दीड लाखाच्या. तेही कर्जाचे. चार वेळा बसला, संपलं.

नियमाचा दुसरा भाग आणखी कडक. रक्कम घटली की खालच्या टेबलावर उतरायचं. आम्ही विचारलं, ‘मग उतरला का नाहीस?’ म्हणाला, ‘लाज वाटली.’ कुणाची लाज? फोनमध्ये तर नाव पण खरं नव्हतं.

आता डोक्याच्या खेळाचं सांगतो म्हटलं होतं. खालच्या टेबलावर नवखे असतात, म्हणून थोडं समजणाराही जिंकतो. वरच्या टेबलावर कोण बसतं? जे अनेक खालच्यांना हरवून तिथे पोचलेत ते. खेळात डोकं लागतं हे खरं असेल, तर वर गेल्यावर आपलं डोकं कमी पडणार हेही खरंच. नवा माणूस वर आला की तिथल्या जुन्यांना आनंद होतो, कारण त्यांची कमाई चालत आली. आणि टेबल चालवणारा कुठल्याच टेबलावर हरत नाही. तो प्रत्येक डावातून आपला वाटा काढतो. समजा सहा जणांनी २००-२०० आणले, म्हणजे १,२०० रुपये. दर डावात मध्ये ६० रुपये जमले आणि त्यातले शेकडा पाच, म्हणजे ३ रुपये, चालकाने घेतले. फोनवर पानं पिसायला वेळ लागत नाही, तासाला साठ डाव सहज होतात. तासाने टेबलावर १,०२० उरले. १८० गेले कुठे? कोणी हरलं नाही, कोणी जिंकलं नाही, तरी गेले. त्यातून सरकारचाही कर. १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळात भरलेल्या पैशांवर २८ टक्के जीएसटी होता आणि निव्वळ जिंकलेल्यावर ३० टक्के कापून घेत. इतकं सगळं कापून आपल्या पोराने श्रीमंत व्हायचं!

महाभारत आपण सगळ्यांनी ऐकलंय. धर्मराजाने पहिल्याच डावाला द्रौपदी लावली नव्हती. आधी मोती, सोनं, रथ, हत्ती. मग राज्य. मग नकुल, सहदेव, अर्जुन, भीम, मग स्वतः आणि शेवटी बायको. दर पायरी हरल्यावर चढलेली. जिंकून एकही नाही. कथेत शकुनीचे फासे कपटाचे होते म्हणून आपण त्यालाच दोष देतो. पण पण वाढवत नेला तो धर्मराजाने.

मैत्रिणींनो, वरच्या पायरीवर जाण्याला आमचा विरोध नाही. आपला सगळा गट त्यावरच तर चालतो. आधी अंतर्गत कर्ज, मग बँकेचं. बँकेचं पहिलं कर्ज गटाच्या निधीच्या सहापट किंवा दीड लाख, यात जास्त असेल ते. दुसरं, निधीच्या आठपट किंवा तीन लाख. तिसरं निदान सहा लाख, तेही गटाचा कर्ज आराखडा बघून. हे रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत लिहिलेलं आहे. आणि त्या रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख १८९६ साली आपल्या नाते गावात जन्मले, हे आपण अभिमानाने सांगतो. तर बँकेची वरची पायरी मिळते ती खालची फेडल्यावर. ‘आमचं मागचं कर्ज बुडलं, आता दुप्पट द्या म्हणजे भरून काढतो,’ असं आपण बँकेच्या साहेबांना सांगितलं तर काय होईल, विचार करा. फोनवर नेमकं तेच चालतं.

उतरण्याचंही एक सांगतो. आमचा एक गट रायगडावर जाणाऱ्यांसाठी रस्त्याला पिठलं-भाकरी करतो. रोजची चाळीस ताटं. एका वर्षी राज्याभिषेकाच्या गर्दीला, ६ जूनला, त्यांनी एकदम तीनशेची तयारी केली. पाऊस आला, निम्मं उरलं, गावात वाटलं. पुढच्या वर्षी त्या शंभरच ताटांवर आल्या. ‘तुमचं घसरलं वाटतं,’ असं एक-दोघी बोलल्याही. पण गट टिकला, आणि चूल अजून पेटते.

पुन्हा काकींच्या घरी येऊ. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला. २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत मंजूर, २२ ला राष्ट्रपतींची संमती. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना या कायद्याने बंदी घातली, मग ते डोक्याचे असोत की नशिबाचे. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. वर्षाला साधारण ४५ कोटी लोक मिळून २०,००० कोटी रुपये या खेळांत घालवतात, असा सरकारचाच अंदाज तेव्हा सांगितला गेला. देशातल्या मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ त्याच महिन्यात बंद केले. मुलाच्या खात्यात उरलेले ३४० रुपये परत आले. काकी म्हणाल्या, ‘सुटलो.’

सुटलो नव्हतो. आठ-दहा दिवसांत त्याच्या फोनवर लिंक यायला लागल्या. परदेशातून चालणारे खेळ, पैसे भरायचे कोणा अनोळखी माणसाच्या खात्यात. तिथे जिंकलात तरी पैसे मिळतील याची खात्री नाही आणि भांडायचं कोणाशी तेही कळत नाही. त्याहून वाईट म्हणजे एका ओळखीच्याने त्याला विचारलं, ‘आईचं खातं काही दिवस दे, महिन्याला भाडं मिळेल.’ पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम द्यायचं. हे नीट ऐका, कारण यात अडकणार आपण. अशा खात्यांतून जुगाराचे आणि फसवणुकीचे पैसे फिरवतात. पोलिसांचा माग लागला की खातं गोठवलं जातं, आणि नाव असतं खातेदार बाईचं. मग गटाचे पैसे, भाताचे पैसे, लाडक्या बहिणीचा हप्ता, सगळं त्यात अडकून बसतं. खातं भाड्याने द्यायची वस्तू नाही. पैसे फसवून गेले असतील तर १९३० या नंबरवर लगेच फोन करा, जितका उशीर तितके पैसे लांब जातात. आणि घरातला माणूस खेळ सोडू शकत नसेल, रात्र-रात्र झोपत नसेल, तोंड लपवत असेल, तर १४४१६ वर बोला. ती सरकारची टेलि-मानस सेवा आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आमची चूकही सांगायला हवी. कर्जाचं कारण लिहून घेतलं, पण पत्रे किती, दुकान कुठलं, काही विचारलं नाही. पैसे देऊन महिना झाला तरी छप्पर बघायला गेलो नाही. आणि फोनवरून पैसे पाठवायचं शिक्षण झालं तेव्हा अर्ध्या बायांचे फोन मुलांच्या हातात होते. ते आम्ही चालवून घेतलं, लवकर उरकावं म्हणून. आता वस्तूसाठीचं कर्ज असेल तर दुकानाचा दराचा कागद आधी घेतो आणि दोघी जणी जाऊन वस्तू बघून येतात. पिन ज्या बाईची, तिनेच टाकायचा. चष्मा लागत असेल तर चष्मा करून घेऊ, पण पिन तिनेच टाकायचा.

बैठकीत काकींवरून बरीच बाचाबाची झाली. कुणी म्हणालं, गटातून काढा. कुणी म्हणालं, पोराला घराबाहेर काढा. एक आजी म्हणाल्या, ‘माझ्या नवऱ्याने मटक्याला बैल घालवला होता. मला कोणी काढलं नाही, म्हणून मी इथे बसलेय.’ त्यानंतर आवाज खाली आले. ठरलं ते असं. २०,००० चं कर्ज तसंच राहील, हप्ता लहान करून. काकींची कर्जाची मर्यादा २०,००० वरून ३,००० वर येईल, आणि सहा हप्ते वेळेवर आले की पुढची पायरी.

काकी म्हणाल्या, ‘म्हणजे मला खाली उतरवलंत.’

आम्ही म्हटलं, ‘हो काकी, उतरवलं.’

त्या काही बोलल्या नाहीत. बचतीचे शंभर रुपये काढून दिले आणि वहीत सही केली. मुलगा सुधारला असं आम्ही आज म्हणणार नाही, त्याला वेळ आहे. हप्ते चार आलेत, त्यातले तीन तो स्वतः बैठकीत घेऊन आला. एकदा उशीर झाला होता तर दारातच उभा राहिला, आत बोलवावं लागलं. पत्रे अजून आलेले नाहीत. या पावसाआधी छपरासाठी ३,००० चं कर्ज काकींनी मागितलंय, सगळ्या छपराचं नाही, नुसत्या चुलीवरच्या भागाचं. दराचा कागद त्यांनी सोबत आणला आहे. येत्या बैठकीत तो आम्ही वाचणार आहोत.