पुस्तकाचा नंबर ओळखा, पुस्तक आपणच शोधा



गटाच्या कामासाठी आपण बँकेत जातो, पंचायत समितीत जातो. ग्रंथालयात मात्र क्वचितच. गेलो तरी टेबलापाशीच थांबतो. शेळीपालनाचं पुस्तक सहज मागता येतं. पण पाळीच्या त्रासाचं, नाहीतर माहेरच्या जमिनीतल्या हिश्श्याचं पुस्तक चार माणसांसमोर मागायचं कसं? म्हणून न विचारता पुस्तक कसं शोधायचं, ते आज सांगते.

पुस्तकाच्या पाठीवर खाली एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावरचा नंबर म्हणजे त्या पुस्तकाचा पत्ता. बऱ्याच मोठ्या ग्रंथालयांत तो ड्यूई दशांश पद्धतीचा असतो. मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने ती १८७६ साली काढली. सगळ्या विषयांचे दहा वर्ग, प्रत्येकाचे पुन्हा दहा भाग.

आपल्या कामाचे नंबर लिहून घ्या. सहकार ३३४. कायदा ३४०; त्यात वारसाहक्क ३४६ मध्ये. स्त्रियांचे आजार आणि बाळंतपण ६१८. शेती ६३०. जनावरं ६३६. स्वयंपाक, पापड-लोणची ६४१. शिवणकाम ६४६. मुलांचं संगोपन ६४९. मराठी कथा-कविता ८९१.४६.

आता एक खुबी. आपल्या गवळाऊ गाईसारख्या गाईगुरांची पुस्तकं ६३६.२ ला, शेळ्यांची ६३६.३९ ला, कोंबड्यांची ६३६.५ ला. मग आधी शेळी की कोंबडी? आधी शेळी. काट्यावर २.३९ किलोपेक्षा २.५ किलो जास्त भरतं ना, तसंच. टिंबानंतर एकेक आकडा ताडून पाहायचा.

पुस्तक चाळून झालं की अंदाजाने कुठेही खोचू नका, टेबलावर ठेवा. चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक दुसऱ्या बाईला सापडत नाही.

गावातल्या लहान वाचनालयात हे नंबर नसतील. तिथे विषयवार कपाटं असतात, किंवा नोंदवहीतल्या दाखल क्रमांकाने पुस्तकं लावलेली असतात. ती नोंदवही पाहायला मागा. कपाटाला कुलूप असेल तर उघडून द्यायला सांगा. त्यात संकोच कसला?

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रं मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे, हे त्यातलं दुसरं. त्या वाचकांत आपणही आलो.

तेव्हा पुढच्या मासिक बैठकीनंतर दोघी-तिघी मिळून ग्रंथालयात जा. प्रत्येकीने एक नंबर घ्या आणि आपलं पुस्तक आपल्या हाताने काढा.