रीत पाहून शुश्रूषा

१९५० च्या दशकात अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात मॅडलिन लायनिंजर या परिचारिका मानसिक त्रास असलेल्या मुलांची देखभाल करत. वेगवेगळ्या समाजांतली ही मुलं वागायची निरनिराळी, त्यामुळे एकच पद्धत सगळ्यांना लागू पडेना. मग लायनिंजरबाई मानववंशशास्त्र शिकल्या, पापुआ न्यू गिनीतल्या गाडसुप लोकांत जाऊन राहिल्या आणि १९६५ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

त्यांचं सांगणं असं: रुग्णाची रीत नीट पाहा, मग ती जपा, तिच्याशी जुळवून घ्या किंवा ती बदलायला मदत करा. आपल्याकडची बाळंतिणीची खोलीच घ्या. अळिवाचे लाडू खुशाल चालू देत. शेगडी हवीच असेल, तर खिडकी उघडी ठेवून आणि बाळापासून लांब. पहिला चीक मात्र फेकू द्यायचा नाही. त्यात बाळाला रोगांपासून वाचवणारी द्रव्यं असतात. हे पटवायचं असतं बहुधा आजेसासूबाईंना!

रीत नीट पाहायची, तर प्रश्नही नीट विचारावा लागतो. बी.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना संशोधन प्रकल्प करावा लागतो. त्यांनी ‘चीक पाजला का?’ असं विचारलं, तर ‘हो’ म्हणून मोकळं होता येतं. ‘पहिल्या दिवशी बाळाला काय काय चाटवलं?’ असं विचारलं, की मध, साखरपाणी, सगळं बाहेर येण्याची शक्यता जास्त.