टेबलावरची मोजदाद

आम्ही शाळा थोडी शिकलो. बाकीचे शिक्षण जळगाव-धुळ्याच्या जिनांत झाले. तिथला जुना फिटर यंत्र सुरू करण्याआधी आपले पाने मोजतो. एक कमी भरला, तर मालक समोर उभा असला तरी पट्टा चढवू देत नाही.

शस्त्रक्रियेच्या खोलीत हेच काम परिचारिका करते. चिमटे, कात्र्या, सुया, गॉज आरंभी मोजायचे, जखम शिवण्यापूर्वी मोजायचे, शेवटी पुन्हा. हत्यार ठरल्या जागी असले, तर मागताच हाती येते. रुग्णाच्या अंगावर टाकले, तर घसरते, क्वचित पोटातही राहते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली १९ कलमांची यादी काढली. ही मोजणी तोंडाने सांगावी, असे तीत आहे. त्या कामाचे प्रमुख अतुल गावंडे. त्यांचे वडील मूळचे विदर्भातले. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत यादी वापरल्यावर मृत्यू शेकडा १.५ वरून ०.८ वर आले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले.

पण यादी भिंतीवर लावून भागत नाही. चिमटा कमी भरला, तर मोठ्या डॉक्टरला 'थांबा' म्हणायचे असते लहान पगाराच्या बाईने. तिला मध्येच दुसऱ्या कामाला धाडू नका, आणि ती 'थांबा' म्हणाली तर डोळे वटारू नका. आमची मागणी एवढीच. त्या एका शब्दावर उद्या तुमचा-आमचा जीव असेल.