ढगांपलीकडची दृष्टी आणि पहिली पाच वर्षे

(पुण्यातील विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी कलाशाखेचा पदवीधर. आयुष्य गेले बातम्यांच्या मागे धावण्यात. रडार आणि उपग्रह या विषयांवर शास्त्रीय अधिकारवाणीने बोलावे अशी माझी योग्यता नाही. तरीही संयोजकांचे निमंत्रण स्वीकारले, याचे कारण एक तारीख आहे.

३० जुलै २०१४. आपल्याच जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात, संततधार पावसात माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ माणसे मृत्युमुखी पडली. दुर्घटनेची वार्ता बाहेर पोहोचली ती एस.टी.च्या चालकामुळे. नेहमीच्या रस्त्याने तो आला, तर समोर गावच नव्हते! वार्ताहर म्हणून मी तेथे गेलो होतो. चिखल, धुके आणि माथ्यावर टेकलेले ढग, एवढेच आठवते. त्या दिवसांत आकाशातून छायाचित्र घेणाऱ्या कॅमेऱ्याला ढगांखेरीज दुसरे काय दिसणार?

त्यानंतर बरोबर अकरा वर्षांनी, ३० जुलै २०२५ रोजी, श्रीहरिकोटा येथून ‘निसार’ हा उपग्रह अवकाशात झेपावला. तारखांचा हा निव्वळ योगायोग. पण माझ्या मनात या दोन घटना कायमच्या जोडल्या गेल्या. कारण निसार ढगांपलीकडे पाहू शकतो.

काठी आणि घड्याळ

कॅमेऱ्याला प्रकाश लागतो. रडार स्वतःच लहरी सोडते आणि त्यांचा परतलेला प्रतिध्वनी टिपते. अंध माणूस काठीने वाट चाचपतो, तसाच हा प्रकार. या लहरींना रात्रीचा अडथळा नाही, ढगांचा नाही. निसारवर अशी दोन रडारे आहेत. सुमारे २४ सेंटिमीटर लांबीच्या लहरींचे एल-बँड रडार अमेरिकेच्या ‘नासा’ने दिले, त्याहून आखूड लहरींचे एस-बँड रडार अहमदाबादच्या स्पेस अॅप्लिकेशन्स सेंटरमध्ये, म्हणजे आपल्या ‘इस्रो’च्या केंद्रात घडले. उपग्रहाचा सांगाडा आपला आणि त्याला वर नेणारे जीएसएलव्ही यानही आपले. बारा मीटर व्यासाची जाळीदार अँटेना उघडून हा उपग्रह दर बारा दिवसांनी त्याच जागेवर परत येतो.

परत येण्यातच खरी मौज आहे. परतलेल्या लहरीची स्थिती, तिची ‘फेज’, घड्याळाच्या मिनिटकाट्यासारखी असते. आज काटा दहावर होता आणि बारा दिवसांनी अकरावर आढळला, तर मधल्या काळात ती जमीन किंचित सरकली असावी. हे किंचित म्हणजे किती? काही मिलिमीटर ते सेंटिमीटर! परंतु मिनिटकाटा तास सांगत नाही. तो किती फेरे फिरून आला, हे गणिताने शोधावे लागते. हवेतील बाष्पाने लहर मंदावली, तरी काटा फसवतो. झाडोरा वाढला, तर आखूड लहरींचा हिशेब विस्कटतो. लांब लहर मात्र पानांतून बऱ्याच अंशी आरपार जाते. सह्याद्रीच्या हिरव्या उतारांसाठी एल-बँडचे महत्त्व आहे ते यामुळे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. निसार असता तर माळीण वाचले असते, असा दावा मी करणार नाही. अतिवृष्टीत क्षणार्धात कोसळणारा डोंगर बारा दिवसांनी येणाऱ्या उपग्रहाच्या हाती लागेलच असे नाही. पण वर्षानुवर्षे मुंगीच्या पावलांनी सरकणारे उतार कोणते, याची यादी तो देऊ शकतो. लावणीआधी पाणी साचलेले भातखाचर रडारला काळे दिसते आणि रोप वाढू लागले की उजळते; तेव्हा भर पावसाळ्यात कोकणात किती लावणी झाली, हेही तो सांगू शकतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला पडला तसा पुराचा वेढा कोठवर पोहोचला, हे ढग असतानाही कळू शकते.

वाचणारा कोठे आहे?

‘सांगू शकतो’ असे मी म्हणतो. कारण उपग्रह स्वतः काहीच सांगत नाही. तो आकडे पाठवतो. निसारच्या माहितीचा साठा दररोज सुमारे ८० टेराबाइटने वाढेल, असा नासाचा अंदाज आहे. ही माहिती साऱ्या जगाला विनामूल्य खुली ठेवण्याचे धोरण आहे. म्हणजे पोथी उघडी आहे. पण वाचणारा कोठे आहे?

वाचणारे घडतात ते ज्या पदांवर, त्यांविषयी आपल्या घरांत फारसे बोलले जात नाही. अभियांत्रिकी, भौतिकशास्त्र, गणित, भूशास्त्र किंवा भूगोल शिकलेल्या तरुणाने रडार संशोधनात यायचे ठरवले, तर पहिली पायरी असते कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीची, जिला सारे जेआरएफ म्हणतात. अहमदाबादचे हे केंद्र, हैदराबादचे राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्र, डेहराडूनची भारतीय दूरसंवेदन संस्था, पवईच्या आयआयटीतील या विषयाचा विभाग, अशी ठिकाणे आहेत. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ पासून लागू केलेल्या दरांनुसार पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढील तीन वर्षे ४२,००० रुपये मिळतात. घरभाडे भत्ता निराळा. पीएच.डी. झाल्यावर संशोधन सहयोगी म्हणून ५८,००० पासून सुरुवात. यांतील बहुतेक पदे तात्पुरती. प्रकल्प संपला की पदही संपते.

हे आकडे ऐकताच पालकांच्या मनात काय येते, हे मी जाणतो. ‘कायम आहे का?’ हा तो प्रश्न.

मित्राची कन्या

माझ्या एका जुन्या मित्राच्या कन्येने २०२१ मध्ये हिंजवडीतील नोकरी नाकारून अशी जेआरएफ स्वीकारली. तेव्हा दरमहा ३१,००० मिळत. मित्र माझ्याकडे आला आणि म्हणाला, “अरे, तू तरी तिला समजाव. लग्नाचे वय, हातची नोकरी सोडते आणि म्हणते डोंगर सरकतो का ते मोजणार!” मी तिला समजवायला गेलो आणि तिनेच मला मिनिटकाट्याचा दृष्टान्त समजावून परत पाठवले.

पुढचा मार्ग सोपा नव्हता. दुसऱ्या वर्षी कागदपत्रांच्या घोळात तिची शिष्यवृत्ती पाच महिने अडकली. खोलीचे भाडे थकले. तिने घरी सांगितले नाही. आईला आवाजावरून कळले. त्या महिन्यांत मित्राने तिला पैसे पाठवले आणि ‘मी म्हणालो होतो’ हे शब्द एकदाही उच्चारले नाहीत. माझ्या मते देशाच्या विज्ञानाला त्याने दिलेले हे योगदान कोणत्याही देणगीपेक्षा कमी नाही.

आज ती घाटातल्या उतारांचा अभ्यास करते. संगणकाने एखादा उतार सरकतो असे दाखवले, की ती तेथे पायी जाते; झाडे कलली आहेत का, भिंतींना नव्या भेगा पडल्या आहेत का, हे पाहते. गावकऱ्यांना विचारते. एका वाडीतील आजीबाईंनी तिला सांगितले, “बाई, हा बांध माझ्या लग्नात सरळ होता.” संगणकावरचा डाग आणि आजीबाईंचा बांध एकच गोष्ट सांगत होते. त्या दिवशी तिने बापाला फोन केला. त्याने तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही.

आपले कर्तव्य

कोल्हापुरात जन्मलेले डॉ. एकनाथ चिटणीस १९५०च्या दशकात अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत विक्रम साराभाईंच्या मार्गदर्शनाखाली तरुण संशोधक होते. तेव्हा देशाजवळ ना अग्निबाण होता, ना उपग्रह. पुढे थुंबाची जागा निवडण्यात त्यांचा वाटा होता आणि आज निसारचे रडार जेथे घडले, त्याच अहमदाबादच्या केंद्राचे ते संचालक झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये, शंभर वर्षांचे आयुष्य जगून, त्यांनी याच पुण्यात देह ठेवला. त्यांच्या पहिल्या पाच वर्षांत कोणी ‘कायम आहे का?’ असे विचारून त्यांना परत बोलावले असते तर?

इस्रायलमध्ये बनलेला रडार-उपग्रह आपण २००९ मध्ये सोडला. स्वतःचे रडार असलेला रिसॅट-१ एप्रिल २०१२ मध्ये गेला. मे २०२५ मध्ये ईओएस-०९ कक्षेत पोहोचू शकला नाही. तेही दुःख आपण पचवले आणि अडीच महिन्यांच्या आत निसार गेला. यंत्रे घडवण्याची जिद्द आपल्यात आहे. माणसे जपण्याची आहे का, हा प्रश्न आहे.

म्हणून विद्यार्थ्यांना सांगतो: गणित पक्के करा, संगणकाला आज्ञा देण्याची भाषा शिका आणि डोंगर चढण्याची सवय ठेवा. संस्थाचालकांना विनंती: शिष्यवृत्ती ही कृपा नव्हे, ती महिन्याच्या महिन्याला द्या. आणि पालकांनो, मुलाने वा मुलीने असे पत्र तुमच्या हाती ठेवले, तर पहिला प्रश्न ‘कायम आहे का?’ हा नको. ‘तुला यात काय शोधायचे आहे?’ असे विचारा. उत्तर पटले, तर पाच वर्षे पाठीशी उभे राहा.

निसार दर बारा दिवसांनी या सह्याद्रीवरून जात राहील. खाली त्याचे म्हणणे वाचणारे आपलेच कोणी असावे, एवढीच प्रार्थना.