इसार, वायदा आणि शुक्रवारची सुट्टी

(कतारमधल्या मराठी श्रोत्यांसाठी केलेलं भाषण)



दोह्यात सकाळचे पावणेसात होतात तेव्हा मुंबईत सव्वानऊ वाजलेले असतात आणि शेअर बाजार उघडतो. इथे दुपारी एक वाजला की तिकडचा बाजार बंद. म्हणजे रविवार सोडला तर आपल्या कामाच्या ऐन वेळातच तो चालतो. शुक्रवारी मात्र आपल्याला सुट्टी आणि तिकडे बाजार चालू. फ्युचर्स-ऑप्शन्सबद्दल मला विचारायला येणारे बरेच जण या शुक्रवारीच सुरुवात करून बसलेले असतात. एका हातात चहा, दुसऱ्या हातात मोबाइल आणि टेलिग्रामच्या कुठल्याशा गटावर आलेली टिप. त्यांच्यासाठी आज बोलतो आहे.

हा व्यवहार आपल्याला तसा परका नाही. गावाकडे जमीन घेताना आपण इसार देतो. समजा, चाळीस लाखांच्या जमिनीला एक लाख इसार दिला, तीन महिन्यांची मुदत ठरली. मधल्या काळात शेजारून रस्ता जायचं पक्कं झालं, भाव चढला, तर ठरल्या भावात खरेदीखत करून मोकळे. रस्ता आलाच नाही तर खरेदी करायची नाही, इसार बुडाला. कॉल ऑप्शन विकत घेणं साधारण असंच असतं. प्रीमियम हा तुमचा इसार. पण इथे मुदत कित्येकदा आठवड्याचीच असते, आणि आपण झोपलेलो असतानाही त्या इसाराची किंमत झिजत राहते. नवखा म्हणतो, निफ्टी निर्देशांक वर जाणार. निफ्टी वर जातोही, पण मुदत संपल्यावर जातो, किंवा इसार वसूल होण्याइतका वर जात नाही. अंदाज बरोबर येऊनही पैसे गेले, हे पहिल्यांदा घडतं तेव्हा माणूस चक्रावतो.

आता इसार घेणाऱ्याकडे बघा. भाव कितीही चढो, त्याला जमीन ठरल्या भावात द्यावीच लागणार. ती त्याच्याकडे नसेलच, तर चढ्या भावात दुसऱ्याकडून घेऊन द्यायची. ऑप्शन विकणाऱ्याची जागा ही आहे. दर आठवड्याला थोडाथोडा प्रीमियम हातात पडतो, पगारासारखा वाटतो, आणि मग एखाद्या दिवशी वर्षभराचं सगळं एकदम जातं. फ्युचर, म्हणजे वायदा, तर सरळ पक्का सौदा. तिथे आपण भरतो ती मार्जिन म्हणजे अनामत. तोटा अनामतीपाशी थांबेल, असं कोणीही लिहून दिलेलं नसतं.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण ते आपल्याला जवळचं आहे. रास लफानला, मेसईदला, दुखानला काम करणाऱ्या माणसाला वाटतं की तेलाचा भाव आपल्याला कळतो. २० एप्रिल २०२० ची गोष्ट. टाळेबंदीमुळे मुंबईच्या एमसीएक्स या वायदेबाजारातले सौदे तेव्हा संध्याकाळी पाचलाच बंद होत होते. त्या दिवशी कच्च्या तेलाचा शेवटचा भाव पिंपाला ९६५ रुपये होता. इतकं स्वस्त तेल, आणखी किती खाली जाणार, म्हणून लोकांनी घेऊन ठेवलं. तेलाला गिऱ्हाईक नव्हतं आणि अमेरिकेत ओक्लाहोमातल्या कुशिंगच्या टाक्या भरत आल्या होत्या. रात्री तिकडचा मे महिन्याचा वायदा शून्याच्याही खाली गेला आणि उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. त्याच भावावरून एमसीएक्सने पुढे हिशेब केला तो उणे २,८८४ रुपयांनी. एक लॉट १०० पिंपांचा. ९६५ ला घेतलेल्याचा सगळा माल होता ९६,५०० रुपयांचा आणि तोटा झाला ३,८४,९०० रुपये. स्टॉपलॉस लावला असता तरी उपयोग नव्हता, बाजारच बंद होता. तेलाविषयी त्या माणसांना काही कळत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. मुदतीच्या शेवटच्या दिवसांत पक्का सौदा अंगावर ठेवला, ही त्यांची चूक.

भारतातल्या शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात होत्या. खर्च धरून माणशी सरासरी तोटा सुमारे २ लाख रुपये. एक लाखाच्या वर नफा मिळवणारे अवघे १ टक्का. त्यानंतर, २० नोव्हेंबर २०२४ पासून, निर्देशांकाच्या नव्या सौद्यांची किंमत किमान १५ लाख रुपये करण्यात आली. लहान सौदा करून शिकू, ही सोय त्याने आणखी कमी झाली.

आपल्यापैकी अनेक जण भावाच्या किंवा वडिलांच्या खात्यावर सौदे करतात. हे करू नका. कायद्याच्या नजरेत तो नफा-तोटा त्यांचा ठरतो आणि धंद्याचं उत्पन्न म्हणून त्यांच्याच विवरणपत्रात दाखवावा लागतो. पेन्शनवर जगणाऱ्या वडिलांना तुमच्या ऑप्शन्ससाठी आयटीआर-३ भरायला लावणं योग्य नाही. अनिवासी माणसाला हे सौदे करता येतात, पण स्वतःच्या नावाने आणि एनआरओ खात्यातल्या रुपयांतून.

आणखी एक. इथल्या कामगार कायद्याप्रमाणे नोकरी संपताना वर्षामागे किमान तीन आठवड्यांचा मूळ पगार मिळतो. त्यापलीकडे आपल्याला इथे पेन्शन नाही. या पैशाला वायदेबाजारात नेऊ नका.

एवढं ऐकूनही शिकायचंच असेल, तर सहा महिने वहीवर सौदे करा. कोणत्या भावात घेतलं, का घेतलं, कुठे बाहेर पडणार, दलाली आणि कर किती गेला, सगळं त्याच दिवशी लिहा. नंतर उतरलात, तर ऑप्शन विकत घ्या, विकू नका. आणि रक्कम तेवढीच लावा, जी बुडाल्याचं त्याच संध्याकाळी घरी सांगता येईल.

ज्यांचे पैसे आधीच गेले आहेत आणि घरी अजून माहीत नाही, अशीही माणसं हे ऐकत असतील. माझ्याकडे येणाऱ्यांत ती असतात. गेलेलं भरून काढायला ती मित्राकडून उसने घेतात किंवा बँकेचं कर्ज काढतात. त्यांना माझी विनंती आहे, येत्या शुक्रवारी मोबाइलवर बाजार उघडू नका. त्याच मोबाइलवरून घरी फोन करा आणि खरा आकडा सांगा.