एका रुग्णामागचे कुटुंब



‘मेन-१’ या आनुवंशिक विकारात पॅराथायरॉइड, स्वादुपिंड व पीयूषिका ग्रंथींत गाठी होतात. काही रुग्णांच्या फुप्फुसातही कार्सिनॉइड गाठ आढळते. ती बहुधा संथ वाढते, पुष्कळदा लक्षणेही नसतात. सीटी स्कॅनमध्येच दिसते. कारणीभूत जनुक १९९७ साली सापडले. त्यातील दोष प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. घराण्यातील दोष ठाऊक असेल, तर रक्ततपासणीत तो न आढळलेल्यांची आयुष्यभराच्या तपासण्यांतून सुटका होते.

मुलीचे लग्न अडेल या भीतीने काही कुटुंबे हे झाकून ठेवतात. त्यांना आमचे सांगणे एवढेच : निदान आम्ही गुप्त राखू, पण भावंडांना तपासणीस आणा. देणगीचा काही वाटा या तपासण्यांसाठी द्यावा, ही नम्र विनंती.