युद्धकालीन उत्पादन : अग्रक्रमांचा धडा



सैनिकाच्या हाती बंदूक येण्यापूर्वी ती कोणत्या तरी कारखान्यात तयार व्हावी लागते. आणि त्याही आधी तिच्यासाठी लागणारे पोलाद कोणाला, किती व केव्हा द्यावयाचे, याचा निर्णय कोणत्या तरी कचेरीत व्हावा लागतो. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकेच्या प्रचंड उत्पादनाची कथा अनेकदा सांगितली जाते. त्या कथेतील कचेरीचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. प्रशासनाशी संबंध असणाऱ्यांच्या दृष्टीने तोच भाग अधिक बोधप्रद आहे.

मे १९४० मध्ये जर्मन सैन्य फ्रान्समध्ये मुसंडी मारीत असताना राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी वर्षाला ५० हजार विमाने तयार करण्याची क्षमता देशाने निर्माण करावी, असे आवाहन अमेरिकन काँग्रेसला केले. कारखानदार मात्र साशंक होते. युद्ध संपल्यावर एवढ्या मोठ्या कारखान्यांचे करावयाचे काय, हा त्यांचा प्रश्न होता. त्यावर तोडगा म्हणून ऑगस्ट १९४० मध्ये ‘डिफेन्स प्लँट कॉर्पोरेशन’ ही सरकारी संस्था स्थापन झाली. शासनाने कारखाना उभारावा आणि खाजगी कंपनीने तो चालवावा, अशी ही व्यवस्था होती.

पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर १६ जानेवारी १९४२ रोजी युद्ध उत्पादन मंडळ अस्तित्वात आले. डोनाल्ड नेल्सन हे त्याचे अध्यक्ष झाले. फेब्रुवारीत नागरी वापराच्या मोटारगाड्यांचे उत्पादन थांबविण्यात आले आणि मोटारींचे कारखाने विमाने, रणगाडे व इंजिने यांच्या कामास लागले.

सर्वच कामे तातडीची!

पैसा होता, कारखाने होते, कामगारही मिळत होते. तरीही कामे अडू लागली. याचे कारण अग्रक्रमांच्या पद्धतीत होते. भूदल व नौदलाचे अधिकारी आपापल्या मागणीपत्रांवर वरचा अग्रक्रम देत. पाहता पाहता अशी पत्रे इतकी झाली की, सर्वोच्च अग्रक्रमालाही अर्थ उरला नाही. मग त्याच्याही वरची श्रेणी निर्माण करण्यात आली. थोड्याच काळात तिचीही तीच गत झाली. हाती अग्रक्रमाचा कागद असे, परंतु पोलाद नसे. एकीकडे जहाज तयार होई, पण त्याच्या झडपा अन्यत्र अडकून पडत.

याच सुमारास सायमन कुझनेट्स व रॉबर्ट नेथन या मंडळातील अर्थतज्ज्ञांनी देशाच्या एकूण क्षमतेचा हिशेब मांडला. ठरविलेली उद्दिष्टे या क्षमतेपलीकडची आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. सर्व कामे एकदम हाती घेतल्यास अर्धवट कारखान्यांतच पोलाद अडकून पडेल आणि शस्त्रेही वेळेवर मिळणार नाहीत. सैन्याच्या पुरवठा विभागाचे प्रमुख जनरल सॉमरव्हेल यांनी या निष्कर्षास कडाडून विरोध केला. युद्ध चालू असता ‘कमी करा’ असे म्हणणे सोपे नव्हते. तथापि, आकडे बोलत होते. अखेर १९४२ च्या उत्तरार्धात पुढील वर्षाच्या कार्यक्रमात कपात करण्यात आली.

तीन धातूंचा हिशेब

नोव्हेंबर १९४२ मध्ये नियंत्रित साहित्य योजना जाहीर झाली आणि १९४३ च्या मध्यापर्यंत ती पूर्णपणे अमलात आली. हजारो वस्तूंवर स्वतंत्र नियंत्रण ठेवण्याऐवजी पोलाद, तांबे व ॲल्युमिनियम या तीनच धातूंचा काटेकोर हिशेब ठेवावयाचा, हे तिचे सूत्र होते. प्रत्येक खात्याने आपली गरज कळवावयाची. मंडळाने उपलब्ध साठा पाहून खात्याचा वाटा ठरवावयाचा. खात्याने तो आपल्या ठेकेदारांना वाटून द्यावयाचा. बँकेत शिल्लक असेल तेवढ्याच रकमेचा धनादेश काढता यावा, तशीच ही शिस्त होती. काय आधी व काय नंतर, हे आता प्रत्येक खात्याला स्वतःच ठरविणे भाग पडले.

टंचाईची झळ घरोघरी पोहोचली. साखर व पेट्रोल यांचे रेशनिंग झाले. तांबे वाचविण्यासाठी १९४३ मध्ये एक सेंटचे नाणे जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे पाडण्यात आले. लाखो स्त्रिया कारखान्यांत कामास आल्या. कृष्णवर्णीय कामगारांना डावलले जात होते. त्यांचे नेते फिलिप रँडॉल्फ यांनी राजधानीवर मोर्चा नेण्याचा इशारा दिल्यानंतर, जून १९४१ मध्ये संरक्षण उद्योगांतील भेदभावास मनाई करणारा आदेश निघाला होता.

१९४४ या एका वर्षात अमेरिकेत ९६ हजारांहून अधिक विमाने तयार झाली. युद्धकाळात २,७१० ‘लिबर्टी’ मालवाहू जहाजे बांधली गेली. मिशिगनमधील फोर्ड कंपनीचा विलो रन कारखाना प्रारंभी चेष्टेचा विषय झाला होता. कारखाना उभा राहिला, पण कामगारांना राहावयास पुरेशी घरे नव्हती. तोच कारखाना १९४४ मध्ये महिन्याला ४०० हून अधिक अवजड बॉम्बफेकी विमाने तयार करू लागला.

या यशात यंत्रांचा व श्रमांचा वाटा मोठाच होता. परंतु साधनांची मर्यादा वेळीच मान्य करण्याच्या प्रशासकीय धैर्याचा वाटाही लहान नव्हता. युद्धसामग्रीचे उत्पादन असो, अथवा दुष्काळात गावोगाव पाण्याचे टँकर पाठविणे असो; प्रत्येक मागणीवर ‘तातडीचे’ असा शेरा पडला की, खऱ्या निकडीची मागणी कोणती हे कळेनासे होते. आधी उपलब्ध साठा मोजावा, मग क्रम ठरवावा आणि ठरलेला क्रम पाळावा, हाच या इतिहासाचा सांगावा आहे.